आषाढीच्या स्पेशल गाडीनं म्हाताऱ्या आईवडिलांना पंढरपूरला न्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. आईवडील नांदुऱ्याजवळच्या खेड्यात, वडील 70 चे, आई 64 ची, तुम्ही पुण्यात. त्यांना एकदा आषाढीला पंढरपूर दाखवायचं आहे, तर रेल्वेची स्पेशल गाडी बरी की एसटी, आणि गर्दीत त्यांचे हाल होतील का, असं तुम्ही विचारलंय. मी खामगाव तालुक्यातला, पाच एकर कोरडवाहू शेती. 2023, 2024 आणि 2025 ही तीन वर्षं मायला घेऊन खामगाव–पंढरपूर स्पेशलनं जाऊन आलोय. मायचे गुडघे गेलेले आहेत, तेव्हा तुमची काळजी मला चांगली कळते.

न्या, आणि गाडीनंच न्या. फक्त जायची तयारी करायच्या आधी यायची गाडी ठरवा. हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नाही, त्याचा भोग मायनं भोगला. ते पुढे सांगतो.

आधी गाडीबद्दल. आषाढीला आपल्या भागातून अलीकडे तीन ठिकाणांहून स्पेशल सुटतात. नागपूरहून पंढरपूरमार्गे मिरजेला जाणारी, नवीन अमरावतीहून पंढरपूरची आणि आपली खामगावहून पंढरपूरची. खामगावची गाडी जलंब, नांदुरा, मलकापूर, भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, मनमाड, कोपरगाव, नगर, दौंड, कुर्डुवाडी अशी जाते. सातशेच्या आसपास किलोमीटर आणि पंधरा-सोळा तासांचा प्रवास. दुपारच्या आत निघालं की दुसऱ्या दिवशी पहाटे पंढरपूर. वेळ दरवर्षी थोडी इकडेतिकडे होते. फेऱ्या चारच, दोन जायच्या आणि दोन यायच्या. हा चारचा आकडा लक्षात ठेवा, सगळी गोम त्यातच आहे.

ही गाडी आमच्यासारख्यांना एवढी जवळची का, ते पुण्यात बसून चटकन लक्षात येणार नाही. नेहमीच्या गाडीचं रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे आषाढीचं तिकीट मे महिन्यात काढायचं. मे महिन्यात आमच्याकडे वखरणी चालू असते, बियाण्याचे पैसे जुळवायचे असतात, आणि पाऊस कधी येईल हे कोणालाच ठाऊक नसतं. 2023 ला एकादशी 29 जूनला होती आणि पाऊस आला उशिरा. आमच्या गावात कित्येकांची पेरणी व्हायची होती, माणसं बियाणं घरात ठेवून आभाळाकडे पाहत होती. 2024 ला एकादशी 17 जुलैला आली, तोवर कपाशी-सोयाबीन वर निघालं होतं, तर आमच्या एका गल्लीतून अकरा जण निघाले. वारीला जायचं की नाही हे आमच्याकडे पेरणी ठरवते, आणि ते कळतं शेवटच्या आठ दिवसांत. अशा वेळी आपल्याच स्टेशनावरून सुटणारी, जनरल डबे असलेली, कुठंही न बदलता थेट चंद्रभागेजवळ नेणारी गाडी मिळणं म्हणजे काय, हे ज्याची पेरणी झाली त्यालाच कळतं. माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या वेळी कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं, बोचकी डोक्यावर घ्यायची आणि बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत जागा मिळवायची. म्हाताऱ्या माणसांची खरी दैना तिथंच व्हायची. तो रूळ मोठा झाला तेव्हा कुठं खामगावचा माणूस बसल्या जागी पंढरपूरला जायला लागला. खामगाव ते जलंब हा आपला तेरा किलोमीटरचा फाटा 1870 ला कापसासाठी टाकलेला. वर्षभर त्यावर लहानशी गाडी ये-जा करते. आषाढीला त्याच फाट्यावरून टाळ-मृदंग निघतो, तेव्हा मला फार बरं वाटतं.

आता तुमच्या कामाचं. आईवडिलांना नांदुऱ्याहून बसवू नका. खामगावला आणून बसवा. रस्त्यानं वीस-पंचवीस किलोमीटर आहे, ऑटो किंवा ओळखीची गाडी करा. गाडी नांदुऱ्याला येईपर्यंत खामगाव आणि जलंबची माणसं बसलेली असतात, आणि तिथं थांबा अगदी थोडा. खामगावला गाडी आधी येऊन लागते, बोचकी नीट ठेवता येतात, खिडकीची जागा धरता येते. मी दोन तास आधी जातो.

जनरलचं तिकीट साध्या दरानं मिळतं. 200 किलोमीटरच्या पुढचं असल्यामुळे ते तीन दिवस आधीही काढता येतं, निघायच्या दिवशी खिडकीवर रांग लावू नका. गाडीला स्लीपर डबे असले तर त्यांचं रिझर्व्हेशन वेगळ्या तारखेला उघडतं आणि भाडं नेहमीपेक्षा जास्त लागतं. तुमच्या आईवडिलांसाठी ते पैसे खर्च करा. 45 च्या पुढच्या बाईला आणि 60 च्या पुढच्या पुरुषाला शिल्लक असेल तर खालचा बर्थ मिळतो, त्यासाठी फॉर्मवर वय बरोबर लिहा. तिकिटातली ज्येष्ठांची सवलत मात्र 2020 पासून बंदच आहे. स्पेशल गाडीचा नंबर शून्यानं सुरू होतो. ॲपमध्ये गाडी सापडत नाही म्हणून लोक घाबरतात, बहुतेक वेळा पुढचा शून्य टाकलेला नसतो.

उशीर धरून चाला. स्पेशलला नेहमीच्या गाड्यांमधून वाट काढत जावं लागतं, त्यामुळे मागून येणारी एक्सप्रेस पुढे काढायला तिला बाजूला उभी करतात. 2024 ला आम्ही मनमाडच्या अलीकडे बराच वेळ उभे होतो. पण त्या वेळी डब्यात जे झालं ते मी विसरणार नाही. जलंबला चढलेलं एक भजनी मंडळ होतं, त्यांनी खाली सतरंजी टाकून हरिपाठ सुरू केला. खिडकीच्या गजाला एका आजीनं जुन्या लुगड्याच्या पट्टीनं तुळशीचं वृंदावन बांधलं होतं. गाडी हलली की ती एका हातानं ते धरायची आणि दुसऱ्या हातानं टाळी द्यायची. मी मायला म्हटलं, गाडी लेट झाली, रात्री गर्दी होईल. माय म्हणाली, "गाडी आपल्याच गावची हाय, भेव कायचं? बस ना तू."

खायचं घरूनच न्या. गाडीत पॅन्ट्री असेल असं धरू नका. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात, सोबत जवसाची चटणी आणि तळलेली मिरची. परतीच्या वाटेवर किंवा तिथं एकादशी येणार, तेव्हा राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाणे वेगळ्या डब्यात ठेवा. पाण्याच्या बाटल्या भुसावळला आणि मनमाडला भरून घ्या. वडिलांना वारंवार लघवीला जावं लागत असेल तर जागा दाराच्या जवळची धरा. एसटीपेक्षा गाडी मला पहिल्यांदा यासाठीच बरी वाटते. गुडघे आखडले तर मायला डब्यात चार पावलं चालवता येतं.

आता माझ्या चुकीचं सांगतो. 2023 ला आम्ही पहिल्या फेरीनं गेलो, एकादशीच्या दोन दिवस आधी पोचलो. सगळं छान झालं. माझ्या डोक्यात असं होतं की दर्शन एकादशीलाच घ्यायचं, आणि झालं की स्टेशनवर यायचं, गाडी असेलच. आम्ही रांगेला लागलो. आषाढीला पददर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. त्या दिवसांत देवाचा पलंग काढलेला असतो, देव झोपत नाही, रात्रंदिवस दर्शन चालू असतं, तरी रांग सरत नाही. आमचं दर्शन झालं तेव्हा परतीची शेवटची स्पेशल निघून गेली होती. पुढं खामगावसाठी थेट काहीच नाही. कशीबशी कुर्डुवाडी गाठली, तिथून रात्री एका लांब पल्ल्याच्या गाडीच्या जनरल डब्यात घुसलो. माय संडासाच्या दाराजवळ बोचक्यावर बसून मनमाडपर्यंत आली. ती एका शब्दानं बोलली नाही. मला मात्र तिच्याकडे पाहवत नव्हतं. दोष माझाच होता, गाडीची तारीख माझ्या खिशातल्या कागदावर लिहिलेली होती.

तेव्हापासून आमची रीत अशी. पहिल्या फेरीनं जातो. पहाटे उतरलो की स्टेशनच्या बाहेर पडायच्या आधी परतीचं तिकीट काढतो, परतीची गाडी तीन दिवसांच्या आत असेल तर ते तेव्हाच मिळतं आणि त्या वेळी खिडकीवर माणसं कमी असतात. स्टेशनपासून देऊळ दीडदोन किलोमीटर आहे आणि आषाढीला गावात वाहनं सोडत नाहीत, त्यामुळे उतरल्याबरोबर चालवायचं नाही, आधी चहा, थोडी झोप. त्याच दिवशी किंवा दशमीला मुखदर्शन घेतो. मुखदर्शनाची रांग पददर्शनाच्या मानानं पुष्कळ लहान असते. पायावर डोकं ठेवता येत नाही, लांबून पाहायचं, पण मायचं समाधान झालं. ती म्हणाली, "इठ्ठलानं मले पाह्यलं, झालं." एकादशीला चंद्रभागेचं स्नान, नामदेव पायरीला हात, कळसाला नमस्कार, आणि दिवसभर वाळवंटात बसून दिंड्या पाहायच्या. संध्याकाळी स्टेशनच्या बाजूला मुक्कामाला यायचं, म्हणजे पहाटेच्या गाडीसाठी रात्री गर्दी कापत यावं लागत नाही. वडिलांना पददर्शनच हवं असेल तर आषाढीला तो हट्ट नका पुरवू. कार्तिकी झाल्यावर एखाद्या साध्या दिवशी तुम्ही पुण्याहून त्यांना घेऊन जा.

एसटीबद्दलही बोलतो, ती वाईट आहे असं नाही. बायकांना अर्धं तिकीट, 75 च्या वरच्यांना फुकट. गावातून चाळीसेक माणसं जमली तर आगाराकडे मागणी करा, गाडी थेट गावातून निघते आणि गावातच सोडते. तुमच्या आईवडिलांच्या गावात तशी गाडी ठरत असेल आणि शेजारपाजारची माणसं सोबत असतील तर मी तिलाही हो म्हणेन. माझा नकार फक्त एकाच गोष्टीला आहे. दोघांनाच बसवून द्यायचं आणि तुम्ही पुण्याहून परस्पर पंढरपूरला भेटायचं, असं करू नका. एकादशीला तिथं लाखो माणसं असतात, फोनला रेंज मिळत नाही, आणि पंढरपुरात "नामदेव पायरीपाशी भेटू" असं ठरवणारी माणसं दिवसभर एकमेकांना शोधतात. पुण्याहून एक दिवस आधी नांदुऱ्याला या आणि त्यांच्यासोबतच गाडीत बसा.

आमच्या शेजारचे काका दरवर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जातात, नागपूरहून निघणाऱ्या स्पेशलनं. त्यांचाही अनुभव हाच. जाताना गाडीत सगळी आपलीच माणसं, जेवण वाटून खातात, म्हाताऱ्याला जागा मागावी लागत नाही. यायच्या दिवशी मात्र दादरला थकलेली माणसं मिळेल त्या गाडीत चढायला बघतात. काकांनी मला सांगितलं होतं, परतीच्या गाडीचा नंबर आणि वेळ आपल्या पोरालाच नाही, आपल्या बायकोलाही पाठ करायला लाव. मायला आता तो नंबर पाठ असतो.

यंदा, 2026 ला, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे एकादशी 25 जुलैला आहे. म्हणजे पेरण्या उरकलेल्या असतील आणि गर्दी जास्त राहील असा माझा अंदाज आहे. गाडीच्या तारखा काही आठवडे आधी पेपरात येतात, खामगाव स्टेशनच्या फलकावरही लागतात. तारखा आल्या की पहिल्यांदा यायच्या गाडीची तारीख कॅलेंडरवर गोल करा.

आणि एक. आईजवळ फोन असला तरी तुमचा नंबर कागदावर लिहून देऊ नका, चंद्रभागेत कागद भिजतो. माझ्या बायकोनं पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर माझा नंबर काळ्या दोऱ्यानं शिवला आणि तो मायच्या चंचीला, म्हणजे पान-सुपारीच्या कापडी पिशवीला, आतून टाचून दिला. चंची तिच्या कमरेची कधी सुटत नाही. तुमच्या आईजवळ चंची नसेल तर लुगड्याच्या किंवा साडीच्या पदराच्या आतल्या बाजूला शिवा. आकडे मोठे काढा, पोलीसदादाला चष्म्याशिवाय वाचता आले पाहिजेत.