चित्र ‘गेय’ असते का?

प्रश्न असा आहे : चित्रकार मनजीत बावा यांच्यावरच्या एका मराठी लेखात त्यांच्या शैलीला ‘गेय’ म्हटले आहे. चित्र काही गाता येत नाही, मग हा शब्द बरोबर आहे का? की ‘काव्यात्म’ किंवा ‘लयबद्ध’ म्हणावे?

लेखकाच्या मनात ‘लिरिकल’ हा शब्द असणार. लायर या ग्रीक तंतुवाद्याच्या साथीने गायचे ते लिरिक, म्हणून ‘गेय’. पण ‘पेय’ म्हणजे पिण्याजोगे, ‘ज्ञेय’ म्हणजे जाणण्याजोगे, तसे ‘गेय’ म्हणजे गाण्याजोगे. ओवी गेय, अभंग गेय. चित्राला हा शब्द लावला की वाचणारा अडखळतो, आणि त्याचे अडखळणे रास्तच आहे. ‘काव्यात्म’ चुकीचा नाही, पण वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. कुठल्याही सांजवेळेच्या निसर्गचित्राला तो चालतो.

माझे मत ‘लय’ या शब्दाच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण बावांच्या चित्रांतच आहे. त्यांची बासरी वाजवणारी आकृती नीट पाहा. खांद्यापासून बोटांपर्यंत हात एका ओघात उतरतो. कोपराला टोक नाही, मनगटाला हाड नाही. शेजारच्या जनावराची मान आणि पाठही तशीच वळत जाते. मागे सपाट लाल, गुलाबी किंवा हळदीसारखा पिवळा रंग. जमीन नाही, क्षितिज नाही.

ही रेषा मेहनतीची आहे. १९४१ साली पंजाबातल्या धुरी गावी जन्मलेले बावा दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकले. त्यांचे गुरू अवनी सेन त्यांच्याकडून रोज पन्नास रेखाटने करून घेत आणि त्यांतली बहुतेक नापसंत करत. अमूर्त चित्रांचा बोलबाला असताना बावा मानवाकृतीला धरून राहिले, तेही सेनांच्याच शिकवणीमुळे. सपाट रंगाचा धागा मला त्यांच्या लंडनमधल्या वर्षांत दिसतो. १९६४ ते १९७१ या काळात ते तिथे सिल्कस्क्रीन छपाईचे, म्हणजे जाळीतून रंग दाबून चित्र उमटवण्याचे, काम करत होते. त्या छपाईत प्रत्येक रंगाची जाळी वेगळी. एक रंग पुरता पसरायचा, मग दुसरा. रंगाची कड स्वच्छ ठेवायची सवय या कामात हाताला लागतेच.

हा ओघ म्हणजे ‘लय’चा एक अर्थ. आता दुसरा अर्थ. संस्कृत ‘ली’ या धातूतून तो आला : विरून जाणे, मिसळणे. ‘विलीन’, ‘प्रलय’ आणि आपला रोजचा ‘तल्लीन’ त्याच घरचे. बावा स्वतः बासरी वाजवत. सूफी काव्य आणि हीर व तिचा गुराखी प्रियकर रांझा यांची पंजाबी प्रेमकथा हा त्यांच्या चित्रांचा मोठा आधार. पंजाबी सूफी कवी बुल्ले शाहच्या एका प्रसिद्ध काफीत, म्हणजे सूफी गीतात, हीर म्हणते की रांझा रांझा करता करता मीच रांझा झाले. लय म्हणजे हेच. म्हणूनच बावांच्या चित्रात गुराखी आणि गुरे एकाच रेषेच्या जातीची दिसतात. कृष्णाभोवती गायींऐवजी त्यांनी कुत्री बसवली, तीही तशीच तल्लीन. ओघ आणि विरणे, दोन्ही अर्थ एका शब्दात मिळत असताना तो सोडून ‘गेय’कडे कशाला जायचे?

‘गेय’ला पूर्ण बाद मात्र करू नये. कवी वारिस शाहने रचलेली हीर-रांझ्याची कथा, ‘हीर’, पंजाबात शतकानुशतके गायली जाते, बहुधा भैरवीत. तेव्हा ‘बावांचे विषय गेय परंपरेतले आहेत’ हे वाक्य अगदी बरोबर. ‘बावांची चित्रे गेय आहेत’ हे नव्हे.

राहिला ‘लयबद्ध’. ‘बद्ध’मध्ये ठरावीक अंतराने येणारी आवर्तने आहेत. वारली चित्रातला तारपा नाच लयबद्ध : तीच आकृती, हातात हात, पुन्हा पुन्हा. बावांच्या चित्रात अशी आवर्तने नसतात, एकच लांब वळण असते. तिथे मी ‘लयदार रेषा’ असे लिहीन, आणि एकूण चित्राबद्दल बोलायचे असेल तर ‘लयीतले चित्र’.