वाचकांचे प्रश्न : पहिले कंपाउंड धनुष्य घेताना

प्रश्न : सरावासाठी आणि पुढे रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीसाठी पहिले कंपाउंड (टोकांना चाके असलेले) धनुष्य घ्यायचे आहे. माझी उंची ५ फूट ९ इंच. ७० पाउंडांचे, सेकंदाला ३४० फूट वेगाचे एक मॉडेल मनात भरले आहे. घेऊ का?

उत्तर : त्या ३४० वर भाळू नका. तो आकडा ७० पाउंड ताण (दोरी ओढायला लागणारा जोर), ३० इंच ड्रॉ लेंग्थ (ओढीचे माप) आणि अवघा ३५० ग्रेनचा (सुमारे २३ ग्रॅमचा) बाण धरून काढलेला असतो. तुमची ड्रॉ लेंग्थ साडेसत्तावीस इंचांच्या आसपास निघेल. इंचामागे साधारण १० फूट वेग घटतो, म्हणजे २५ फूट तिथेच गेले. ताण ६० पाउंडांवर आणला की आणखी वीसेक फूट जातात, आणि शिकारीला शोभेल असा ४२० ग्रेनचा बाण लावला की पुन्हा तेवढेच. हातात उरतात जेमतेम २७० फूट. हरणाला तेवढे भरपूर झाले. तेव्हा वेग बाजूला ठेवा आणि आधी माप बघा.

ड्रॉ लेंग्थ म्हणजे पूर्ण ओढल्यावर दोरी मुठीपासून किती मागे येते ते अंतर. भिंतीला पाठ टेकून हात आडवे पसरा, तळवे समोर. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर दुसऱ्या कुणाला तरी इंचांत मोजू द्या आणि त्याला अडीचने भागा. हात ताणून माप वाढवू नका. हा झाला अंदाज, खरी परीक्षा धनुष्य हातात घेतल्यावर. साध्या धनुष्यात दोरी कमी-जास्त ओढता येते. कंपाउंडचा कॅम, म्हणजे टोकाचे चाक, ठरलेल्या जागीच थांबतो. त्यामुळे माप चुकले की शरीरालाच वाकून जुळवून घ्यावे लागते. माप लांब असेल तर माणूस पाठीतून मागे झुकतो, पुढचा खांदा वर चढतो, आणि सुटणारी दोरी पुढच्या हाताला सपकन लागते. आखूड असेल तर मागचे कोपर बाणाच्या रेषेत येत नाही आणि हात जबड्याखाली स्थिर टेकत नाही. बरोबर मापात मान सरळ राहते आणि दोरी नाकाच्या शेंड्याला नुसती स्पर्श करते. दोन मापांत मन अडले तर अर्ध्या इंचाने आखूडच घ्या. नवख्यांच्या हातात जास्त करून लांबच धनुष्ये दिसतात.

खरेदीआधी एक नक्की विचारा : ड्रॉ लेंग्थ बदलायला कॅमवरचा मॉड्यूल (माप ठरवणारा छोटा तुकडा) फिरवून भागते की अख्खा कॅम बदलावा लागतो? पहिल्या धनुष्याला फिरणारा मॉड्यूलच बरा.

आता ताण. खुर्चीवर बसा, पाय जमिनीवरून उचला, धनुष्य निशाण्याच्या उंचीवर समोर धरा आणि दोरी सरळ मागे आणा. त्यासाठी धनुष्य आभाळाकडे न्यावे लागत असेल तर ताण तुम्हाला जास्त आहे. ओढल्यावर अर्धा मिनिट धरता आले पाहिजे. लेट-ऑफ, म्हणजे पूर्ण ओढल्यावर कमी होणारा ताण, ८० टक्के असेल तर ६० पाउंडांच्या धनुष्यात शेवटी फक्त १२ पाउंड धरायचे असतात, म्हणूनच दुकानात ७० सुद्धा झेपल्यासारखे वाटते. पण थंडीत, जाड कपड्यांत, तासभर निश्चल बसल्यावर ओढायचे आहेत ते पहिले ६०, शेवटचे १२ नव्हेत. ४५ ते ५० वर सुरुवात करा. ६० पाउंडांपर्यंतचे धनुष्य साधारण ५० पर्यंत उतरवता येते. खास नवशिक्यांसाठीच्या मॉडेलांना तर याहून कितीतरी मोठा पल्ला असतो. ताण उतरवायला आधी कुलूप-स्क्रू सैल करा, मग पात्यांचा (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजांचा) वरचा-खालचा बोल्ट सारखाच, पाव-पाव फेरा सोडा. पूर्ण फेऱ्याला दोन-तीन पाउंड उतरतात. पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपलीकडे जाऊ नका, पाते खोबणीतून निसटते.

आणखी एक. बाण न सोडता दोरी परत पुढे न्यायची वेळ येते तेव्हा १२ पाउंडांचे एकदम ६० होतात आणि धनुष्य हाताला जोराचा हिसका देते. त्या वेळी बोट रिलीजच्या (दोरी पकडून सोडणाऱ्या साधनाच्या) ट्रिगरच्या मागे हवे, ट्रिगरवर नाही.

प्रश्न : मी उजव्या हाताने लिहितो, पण डावा डोळा प्रबळ आहे असे कळले. धनुष्य कोणत्या हाताचे घ्यावे?

उत्तर : डोळ्याप्रमाणे, म्हणजे डावखुरे. दोरी डाव्या हाताने ओढायची. सुरुवातीचे काही आठवडे अवघड वाटेल, पण हाताला सवय लागते. डोळ्याचा कल सहसा बदलत नाही. कंपाउंडचा रायझर (मुठीचा मधला भाग) एकाच हातासाठी कापलेला असतो, नंतर उलटवून चालत नाही.

प्रश्न : बाणांवर ३४०, ४००, ५०० असे आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे मजबूत बाण का?

उत्तर : उलट आहे. तो स्पाइनचा, म्हणजे दांडीच्या ताठपणाचा आकडा. २८ इंचांवर दोन टेकू देऊन मध्ये १.९४ पाउंडांचे वजन टांगले की दांडी किती वाकते, ते इंचाच्या हजाराव्या भागांत. ४०० चा बाण ०.४ इंच वाकतो, ५०० चा ०.५, म्हणजे तो जास्त लवचीक. ताण वाढला, बाण लांब घेतला किंवा टोक जड बसवले की बाण जास्त लवचीक असल्यासारखा वागतो आणि ताठ स्पाइन लागतो. ५० ते ६० पाउंड, २८ इंचांचा बाण आणि १०० ग्रेनचे टोक असेल तर निवड बहुतेक ४०० च्या आसपास येते. नेमके उत्तर बाण बनवणाऱ्याच्या तक्त्यात बघा. वजन ताणाच्या पाउंडामागे ५ ग्रेनपेक्षा कमी कधीच नको. बाण फार हलका असला की सुटलेली ऊर्जा बाणात न जाता पात्यांत आणि कॅममध्ये मुरते.

कार्बनचा बाण निशाण्याच्या कडेला किंवा दुसऱ्या बाणाला लागला, तर पुन्हा लावण्याआधी दोन्ही टोके धरून, चेहऱ्यापासून लांब, थोडा वाकवा आणि फिरवत फिरवत पुन्हा वाकवा. करकर ऐकू आली की मोडून फेका. तडकलेली दांडी सुटताना फुटते आणि तिच्या काड्या मुठीत घुसतात. ही तपासणी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नका.

प्रश्न : मित्राने बाण न लावता दोरी सोडून दिली. धनुष्य वरून ठीक दिसते. वापरू का?

उत्तर : ओढून बघू नका. दोरी कॅमच्या खाचेत आहे का ते पाहा. कॅम वाकला आहे का, केबलचे धागे तुटलेत का, तेही पाहा. मग कापसाचा बोळा दोन्ही पात्यांवरून, कडांवरून हलकेच फिरवा. डोळ्याला न दिसणारी चीर तंतू ओढून धरते. काहीही न सापडले तरी बो-प्रेस (धनुष्य दाबून दोरी सैल करणारे यंत्र) असलेल्या कारागिराकडून कॅमचे आस आणि पात्यांची मुळे तपासून घ्या. धनुष्य नेहमी बाण लावूनच ओढावे. कुणाला दाखवायला देतानाही हे आधी सांगावे.

प्रश्न : सरावात ४० यार्डांवरून बाणांचा गट चांगला पडतो. शिकारीत किती अंतरावरून बाण सोडावा?

उत्तर : सरावाचा गट हात तापल्यावर पडतो. जनावरावर सुटतो तो दिवसाचा पहिला, थंड हाताचा बाण. म्हणून रोज एकच पहिला बाण, शिकारीच्या कपड्यांत, आठ इंचांच्या वर्तुळावर सोडा आणि नोंद ठेवा. जिथून हा बाण दरवेळी आत बसतो तीच तुमची मर्यादा. पहिल्या हंगामात ती बहुतेकांची २० यार्डांच्या आसपास असते, आणि त्यात काहीच कमीपणा नाही. जनावर पूर्ण आडवे किंवा किंचित पाठमोरे असेल तरच सोडा, समोरून नको. परवान्यासोबत किमान ताणाची अट असू शकते, तीही वाचून ठेवा.

शिकारीचे धारदार टोक सरावाच्या टोकाइतक्याच वजनाचे असले तरी त्याच जागी लागेल असे नाही. टोकाची धारदार पाती हवा पकडतात आणि धनुष्याच्या जुळणीतली लहानशी चूकही मोठी होऊन दिसते. दोन्ही टोकांचे तीन-तीन बाण मारून बघा. धारदार बाण डावीकडे जात असतील तर रेस्ट (बाण टेकतो तो आधार) उजवीकडे सरकवा, उजवीकडे जात असतील तर डावीकडे. एका वेळी इंचाचा बत्तिसावा भाग पुरे, आणि दर बदलानंतर दोन्ही गट पुन्हा मारा. सरावाला वापरलेल्या टोकाची धार गेलेली असते, ते शिकारीला नेऊ नका.