नेट-सेट, पीएच.डी. असूनही अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकपदासाठी पैसे मागितले जातात. तक्रार कुठे करावी आणि यावर कायमचा उपाय काय?

तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे करता येते, कारण भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ नुसार सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचा पदाधिकारीदेखील लोकसेवक ठरतो. पण त्याच जिल्ह्यात पुढची वीस वर्षे नोकरी शोधायची असलेला उमेदवार तक्रार करायला धजावत नाही, हे मी नऊ वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, अर्थशास्त्र शिकवताना पाहिले आहे. म्हणून तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

एका मुलाखतीला आम्ही चाळीसेक जण सकाळी नऊपासून संस्थेच्या व्हरांड्यात फायली घेऊन बसलो होतो. माझी पाळी दुपारी तीनला आली आणि पाच मिनिटांत संपली. विषयावर एकच प्रश्न आला, बाकीचे गाव कोणते आणि वडील काय करतात याविषयी होते. बाहेर चहाच्या टपरीवर मात्र निवड कोणाची होणार आणि आकडा किती ठरला, हे सर्वांना आधीच ठाऊक होते, आणि चार दिवसांनी तेच नाव जाहीर झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पदव्या, संशोधन व अनुभव यांचे गुण केवळ मुलाखतीला बोलावण्यापुरते धरले जातात आणि अंतिम निवड मुलाखतीवरच होते, त्यामुळे अशा निवडीला कागदोपत्री आव्हान देणेही फार अवघड जाते.

माझ्या मते उपाय एकच आहे: ज्या पदाचे वेतन राज्याच्या तिजोरीतून जाते, त्या पदाची निवड संस्थेच्या हातात राहू नये. पश्चिम बंगालने १९७८ मध्ये आणि उत्तर प्रदेशाने १९८० मध्ये अनुदानित महाविद्यालयांसाठी प्राध्यापक निवडणाऱ्या आयोगाचा कायदा केला; महाराष्ट्रानेही लेखी परीक्षा घेऊन, गुणवत्ता यादी लावून उमेदवाराच्या पसंतीक्रमाने महाविद्यालय देणारा आयोग कायद्याने स्थापन करावा.

यावर संस्थाचालक स्वायत्ततेचा, विशेषतः अल्पसंख्याक संस्थांच्या हक्काचा मुद्दा पुढे करतील. परंतु पश्चिम बंगालमधील अनुदानित मदरशांचे शिक्षक आयोगाने निवडावेत, हा कायदा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये वैध ठरवला आहे. अल्पसंख्याक संस्थांबाबत जे मान्य झाले, ते इतर अनुदानित संस्थांबाबत अमान्य का व्हावे, याचे पटेल असे उत्तर मला अजून कोणाकडून मिळालेले नाही.

आयोग आला म्हणजे भ्रष्टाचार संपला, असे मी म्हणणार नाही. त्याच पश्चिम बंगालमध्ये शालेय सेवा आयोगाने केलेल्या सुमारे २५ हजार नियुक्त्या उत्तरपत्रिकांतील फेरफारामुळे एप्रिल २०२५ मध्ये रद्द झाल्या, आणि त्यात प्रामाणिकपणे निवडले गेलेलेही भरडले गेले. म्हणून उत्तरपत्रिकेची प्रत त्याच दिवशी उमेदवाराला मिळणे आणि प्रत्येकाचे गुण संकेतस्थळावर लावणे, या दोन तरतुदी नियमावलीवर न सोडता मूळ कायद्यातच हव्यात. मुलाखत ठेवायचीच असेल तर तिचे गुण इतके कमी असावेत की त्यांनी यादी उलटणार नाही. शाळांसाठी शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल आले तेव्हा खासगी संस्थांना मुलाखतीसह निवडीचा पर्याय ठेवला गेला आणि जी वाट बंद करायची होती तीच उघडी राहिली. येथे ती चूक नको.

तोपर्यंत दरवर्षी जूनमध्ये आपण तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक कायम पदावर हक्क सांगणार नाही असे हमीपत्र लिहून देतो आणि मे महिना विनावेतन काढतो. तुम्ही जिथे आहात तिथल्या आमदारांना, शिक्षक व पदवीधर मतदारसंघाच्या आमदारांसह, एकच प्रश्न लेखी विचारा: अशा आयोगाचे विधेयक तुम्ही अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले) म्हणून मांडाल का? मी माझ्या विभागातील आमदारांना हे पत्र पाठवले आहे आणि त्याचा मसुदा तुम्हाला आनंदाने देईन.