सवानात वेगळा दिसणारा कोळी सापडला, तर तो नवीन प्रजाती आहे हे कसे ठरते?

नुसते वेगळे दिसणे पुरेसे नसते. पूर्वी वर्णन झालेल्या जवळच्या प्रजातींपासून तो कोणत्या लक्षणांनी वेगळा आहे आणि ती लक्षणे दुसऱ्या अभ्यासकाला पडताळता येतील का, हे दाखवावे लागते. मध्य अंगोलातील मियोंबो या वृक्षयुक्त सवानात सापडलेल्या सेराटोजायरस अटोनिटिफर या बिळात राहणाऱ्या कोळ्याचे उदाहरण मला या दृष्टीने फार बोलके वाटते. जॉन मिडग्ली आणि इयान एंगेलब्रेख्ट यांनी त्याच्याविषयीचा शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध केला.

सेराटोजायरस या गटातील अनेक कोळ्यांच्या पाठीवर, शिरोवक्षाच्या (डोके व छाती मिळून बनलेल्या पुढच्या भागाच्या) मध्यभागी, शिंगासारखा उंचवटा असतो. त्यामुळे शिंग आहे एवढ्यावरून नवी प्रजाती सिद्ध झाली नसती. पण इतरांचे शिंग कठीण असते, तर या कोळ्याचे लांबलचक, मऊ आणि मागे उदराकडे झुकलेले आहे. मद्यार्कात ठेवलेल्या कोळ्यांचे रंग फिके पडतात आणि मऊ भागांचा मूळ आकार टिकेलच असे नाही, म्हणून अशा वेळी जिवंत कोळ्याची छायाचित्रे फार मोलाची ठरतात. शिंगाचा उपयोग काय, हे मात्र या निबंधात ठामपणे सांगितलेले नाही. पुराव्याविना तर्क लढवण्यापेक्षा ते मला योग्यच वाटते.

बाकीचे काम किचकट आहे. पायांच्या प्रत्येक खंडाची मोजमापे घेतली जातात, डोळ्यांची मांडणी नोंदवली जाते आणि मादीच्या जननांगातील शुक्रकोषांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून निवडून संग्रहालयात जपतात, म्हणजे पुढे शंका आल्यास त्याच्याशी ताडून पाहता येते. जुने वाङ्मयही चाळावे लागते. कोळ्यांच्या बाबतीत तर थेट १७५७ पर्यंत, कारण स्वीडनच्या कार्ल क्लेर्क यांनी त्या वर्षी दिलेली नावे, प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात ज्यापासून मानतात त्या लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथाआधीची असूनही ग्राह्य धरली जातात.

अंगोलातील स्थानिक लोकांना हा कोळी आधीपासूनच माहीत होता. लुचाझी भाषेत त्याला स्वतःचे नाव आहे, आणि तो मुख्यतः कीटक खातो, मादी स्वतः बीळ खणण्याऐवजी असलेले बीळच मोठे करते, ही माहिती त्यांच्याकडूनच मिळाली. मूळ वर्णन मात्र केवळ माद्यांवर आधारलेले आहे, पण तेवढ्याने नाव अग्राह्य ठरत नाही.