ती झोपल्यावर गुपचूप निघू नका

साडेचार वर्षांची लेक पहिल्यांदाच तीन रात्री एकटी आजीकडे राहणार, आणि आजी म्हणतायत, "ती झोपली की निघा, रडारड नको." तुम्हाला ते पटत नाहीये, आणि तुमचंच बरोबर आहे. सकाळी उठून आई गायब दिसली, तर पुढच्या दोन्ही रात्री ती डोळा लागू देणार नाही. ती जागी असताना, दिवसाउजेडी, सांगून निघा. रडेल, रडू दे. चप्पल घालून पुन्हा आत येणं, "रडणार नाहीस ना?" हे चारदा विचारणं, यानेच रडं लांबतं. तुम्ही दिसेनाशा झालात की बहुतेक मुलं थोड्या वेळात खेळाला लागतात. अर्ध्या तासाने मेसेज करा असं आजींना सांगून ठेवा, तुमचाही जीव थाऱ्यावर राहील.

"रविवारी येते" हे या वयात कळत नाही. "तीनदा झोपायचं, मग आई" हे कळतं. कागदावर तीन चंद्र काढून द्या, रोज सकाळी एक खोडायचा.

झोपायच्या वेळी व्हिडिओ कॉल मात्र नको. दमलेलं मूल, अंधार आणि समोर आईचा चेहरा. दिवसभर न आलेली आठवण नेमकी तेव्हाच उसळते. फोन दुपारी करा. आणि "करमलं नाही तर लगेच न्यायला येते" असं वचन देऊ नका, मग तिचं सगळं लक्ष त्या न्यायला येण्याकडेच लागतं. "आठवण आली तर आजीला सांग, ती जवळ घेईल" एवढंच पुरे. कधी न्यायला यायचं ते तुम्ही मोठ्यांनी तिच्यामागे ठरवा. आणि आणावंच लागलं, तर नंतर टोमणे नकोत.

सूचनांची लांबलचक यादी पाठवू नका. टीव्ही जरा जास्त होईल, होऊ दे. झोपण्याआधीचा क्रम तेवढा सांगा, आणि तिचं रोजचं पांघरूण न धुता द्या. घरचा वास हवा.

एका बाबतीत मी हट्टी आहे: औषधं. आजी-आजोबांच्या गोळ्या उशाशी, टेबलावर, पर्समध्ये असतात, आणि आठवड्याच्या डबीचं झाकण लहान बोटांनीही उघडतं. मधुमेहाच्या काही गोळ्यांपैकी एकच गिळली, तरी लहान मुलाची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रिमोटमधला चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर इजा करतो. निघण्याआधी स्वतः घरभर एक फेरी मारा, संकोच करू नका. तापाचं पॅरासिटामॉल सिरप 5 मिलीत 120 मिग्रॅ आणि 250 मिग्रॅ, अशा दोन्ही प्रकारांत मिळतं. "एक चमचा द्या" एवढंच सांगितलंत तर डोस दुप्पट होऊ शकतो. तुमचीच बाटली आणि मापाची पिचकारी पाठवा; डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेले मिली आणि दोन डोसमधलं अंतर बाटलीवर चिकटवा.

गादीवर घालायला रबरी कापडही द्या. पाचव्या वर्षीही बरीच मुलं रात्री शू करतात, नव्या जागी तर जास्तच. यावर कुणी हसायचं नाही, हे आजोबांना आधीच सांगून ठेवा.