'फ्रीस्टाइल' रंगली, पण कोणती?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. पुतण्या आखाड्यात फ्रीस्टाइल कुस्ती शिकतो. तो सांगतो, आमच्यात ठोसा मारला, केस ओढले, बोटं पिरगाळली तर पंच सोडत नाहीत. मग 'बर्डीवर दोन गटांत फ्रीस्टाइल' अशी सीताबर्डीच्या बाजारातल्या मारामारीची बातमी कशी येते? तिथे तर नेमकं हेच सगळं झालेलं असतं!

पुतण्याचं खरं आहे आणि बातमीदाराचंही चुकलेलं नाही. शब्द एकच, पण मराठीत तो दोन दारांनी आत आला.

आधी पुतण्याचं दार. इंग्लंडच्या लँकेशायर भागात एक कुस्ती चाले, तिच्या नावाचा अर्थच 'जिथे सापडेल तिथे धर' असा. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली हात लावायचा नाही, पायाने अडवायचं नाही. लँकेशायरी कुस्तीत पायही मोकळे. 'फ्री' म्हणजे एवढंच: पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडायला मुभा. वाट्टेल ते करायला नव्हे. हौशी मल्लांच्या संघटनांनी यातले धोक्याचे डाव काढून टाकले, नियम बांधले आणि १९०४ पासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये गेला. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं ते याच फ्रीस्टाइलमध्ये. आज त्यात तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. इतकं मोजूनमापून चालणारं प्रकरण हाणामारीला नाव देईल, हे संभवत नाही.

दुसरं दार मुंबईचं, वरळीचं. त्याच लँकेशायरी कुस्तीची दुसरी पाती पैशाच्या खेळांत गेली. तिकीट काढून आलेल्या माणसाला पाऊण तास दोन मल्ल एकमेकांना चिकटून पडलेले बघायचे नसतात. त्याला उचलून आपटणं हवं, दोरावरून बाहेर फेकणं हवं, एक सज्जन हवा नि एक राक्षस हवा. मग आधी ठरवून, पण खऱ्या ताकदीने खेळायच्या कुस्त्या आल्या. त्यांचे मल्ल बंदराबंदरांतून फिरत. दारासिंग पंजाबातून निघाले ते आधी सिंगापूरला, तिथे कुस्तीत नाव काढून मग देशात परतले. किंग काँग हा मूळचा हंगेरीकडचा, खरं नाव एमिल चाया, दीडशे किलोच्या वरचा देह. त्याचाही मुक्काम सिंगापूरच्याच बाजूला. पन्नासच्या दशकाच्या शेवटी आणि साठच्या दशकात वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर असे सामने होत. मे १९६८ मध्ये दारासिंगांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक विजेतेपद घेतलं, तेही मुंबईतच. आणि या सगळ्या व्यवहाराला लोकांच्या तोंडी एकच नाव होतं: फ्री स्टाइल कुस्ती.

आपल्याकडच्या कुस्तीशी ताडून बघा. जत्रेच्या मैदानात मल्ल फेरी मारतात, पंच अंगलट बघून जोड लावतात, इनाम पुकारतात. इथे जोड आधीच पोस्टरवर, मातीच्या जागी रिंग आणि हलगीच्या जागी घंटा.

माझे मामा रेल्वेत होते. पासावर मुंबईला जाऊन त्यांनी दारासिंग आणि किंग काँगची कुस्ती पाहिली होती. आल्यावर नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्याच्या अंगणात त्यांनी ती आम्हाला करून दाखवली, किंग काँगच्या भूमिकेत गव्हाचं पोतं होतं. शेजारच्या आखाड्याचे वस्ताद ओट्यावर बसून सगळं पाहत होते. शेवटी म्हणाले, "हे कुस्ती नाही बापा, हे तं खडी गंमत आहे!" पण खडी गंमतही, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, नागपूरकर रात्रभर जागून बघतातच की. पुढे कित्येक वर्षं आमच्या गल्लीत अंगावर धावून येणाऱ्याला "काहून बे, सोताले दारासिंग समजतं का?" असंच विचारलं जाई.

माझं मत असं, की बातम्यांतली 'फ्रीस्टाइल' या वरळीच्या दारातून आली. पुरावा शब्दाच्या वागणुकीतच आहे. बातमीत फ्रीस्टाइल नुसती 'होत' नाही, ती 'रंगते'. मारामारी होते, जुंपते, पेटते. रंगतो तो खेळ, मैफल, सामना. म्हणजे बातमीदाराच्या डोळ्यांसमोर भांडणाऱ्यांइतकेच भोवती कोंडाळं करून उभे राहिलेले बघेही असतात. दुसरं, हा शब्द तो भोसकाभोसकीला कधी वापरत नाही. नळावरचं भांडण, सभागृहात एकमेकांवर भिरकावलेल्या खुर्च्या, कॉलेजच्या फाटकावरची गुद्दागुद्दी, जिथे आवाज फार आणि इजा कमी, तिथेच फ्रीस्टाइल. शब्दाला आपल्या जन्माची इतकी पक्की आठवण क्वचितच राहते. नव्वदच्या दशकात केबलवर अमेरिकी कुस्त्या आल्या, पोरं मल्लांच्या पत्त्यांनी खेळू लागली, तेव्हा हा अर्थ आणखी घट्ट झाला. गंमत म्हणजे तिकडच्या मोठ्या कंपनीने १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे हा करमणुकीचा खेळ असल्याचं मान्य केलं होतं. खेळ म्हटलं की सरकारी देखरेख आणि कर मागे लागतो, तो टाळण्यासाठी! आमच्या वस्तादांना हे त्याआधी वीसेक वर्षं कळलं होतं, तेही गव्हाचं पोतं पाहून.

कुस्तीचा शब्द भांडणाला जाऊन चिकटण्याची ही पहिली वेळ नाही, म्हणून जाता जाता 'दंगल'कडे बघा. हिंदीत दंगल म्हणजे कुस्त्यांचा फड, मराठीत दगडफेक आणि संचारबंदी. विदर्भात मात्र दोन्ही अर्थ सुखाने नांदतात, कारण इथे कुस्त्यांच्या खुल्या मैदानाला 'आमदंगल' म्हणतात. आम म्हणजे सर्वांसाठी खुली. उमरेड रोडवर 'भव्य आमदंगल' असा फलक वाचून आमच्या पुण्याच्या जावईबापूंनी गाडी हळू केली होती. आधी त्यांना आंब्यांवरून भांडण वाटलं, मग 'भव्य' वाचून पोलिसांना कळवायचं का, असं विचारू लागले.

'नुरा कुस्ती'ही त्याच गोतावळ्यातली, आधी ठरवून लढलेली. पण ती मराठीत राजकारणापुरतीच उरली. दोन पुढारी दिवसा भांडून रात्री एकत्र जेवले तर नुरा कुस्ती. जेवणावरूनच भांडले तर फ्रीस्टाइल.

बाई, मुलांच्या निबंधात भांडणासाठी 'फ्रीस्टाइल' आली तर खोडू नका, फक्त ती 'रंगली' आहे की नाही तेवढं बघा. पुतण्याला चिडवाचिडवी नको असेल तर पैलवान म्हणतात तसं त्याने 'मॅटवरची' म्हणावं. त्यात दोर नाहीत, खुर्च्या नाहीत आणि बर्डीही नाही.