आईची मिश्री सुटावी म्हणून समुपदेशनाचा उपयोग होतो का? फुकट कुठे मिळेल?

हो, होतो, आणि पैसे लागत नाहीत: १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेवर, फोन लावा. नंबर तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रातही समोरासमोर बोलता येतं. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ४९ चाचण्या तपासल्या. एकेकट्याशी बोलून केलेल्या समुपदेशनाने सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. मात्र त्या चाचण्या धूम्रपानाच्या होत्या, मिश्रीच्या नव्हे. फोनवर आईलाच बोलू द्या, तुम्ही वकिली करू नका. ‘सकाळी बोटावर घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे तिने स्वतः सांगितलं, तरच त्या वेळेला मिश्रीऐवजी काय करायचं ते ठरवता येतं. डबी तुम्ही लपवलीत तर ती शेजारणीकडे मागेल.